टाचेवरचा फोड

दुधरामच्या उजव्या टाचेवर फोड होता. चिंचोक्याएवढा, पांढरा, आत पाणी भरलेला. सरावाआधी मैदानालगतच्या बोडीच्या, त्या छोट्या तळ्याच्या, काठावर पाय धुवायला तो वाकला तेव्हा यादोरावला तो फोड दिसला, आणि यादोरावला दिसला हे दुधरामच्याही ध्यानात आलं. पोरानं घाई केली नाही. पाय उचलला, काठच्या गाळात घातला, टाच चिखलानं नीट लिंपून घेतली आणि काठी उचलून मैदानात गेला. बाकीचे चेंडू मारण्यात दंग होते, कोणाचं लक्ष नव्हतं. यादोराव मात्र बांधावर बसला तो बसलाच. अनवाणी हिंडणाऱ्या माणसाच्या पायाला काय काय होतं ते त्याला पाठ होतं. भेगा पडतात, काटा मोडतो, धसकट घुसतं, ठेचेनं नख उडतं. पण टाचेच्या मागच्या अंगाला असा गोल फोड यायला एकच वस्तू लागते. जोडा लागतो. आणि दुधरामकडे जोडा नव्हता. त्याच्या बापाकडे नव्हता, आजाकडे नव्हता; चिचगडच्या त्या अख्ख्या घरात जोडा घातलेलं माणूस जन्मलं नव्हतं. मग हा फोड आला कुठून? गुरुवार होता तो. रविवारी शिल्डचा शेवटचा सामना, समोर गुलाबचंद सेठची टीम, आणि यादोरावच्या मनात जो संशय उठला तो त्याच्या जुन्या ओळखीचा होता. दर साली याच दिवसांत तो उठायचा.

यादोराव माणूस वाईट नव्हता. दारू नाही, जुगार नाही, भैय्यालालच्या राइस मिलमध्ये धान उकडायच्या हौदांवर मिस्त्री, आणि संध्याकाळ झाली की रेलटोलीमागच्या मैदानावर हॉकी. स्वतः खेळायचे दिवस गेले होते, गुडघ्यानं दगा दिला होता, म्हणून तो शिकवायचा. त्याच्या टीमनं काठी कधी दुकानातून आणली नाही. झाडीतून वाकड्या फांद्या आणवायच्या, मिलच्या गरम हौदात धानासोबत भिजत घालायच्या, नरम आल्या की दोन धोंड्यांमध्ये दाबून पाहिजे तसं वळण द्यायचं. त्या काठ्यांना उकडलेल्या धानाचा वास लागायचा तो मोडेपर्यंत जायचा नाही. गुलाबचंदचे खेळाडू नाक उडवून म्हणायचे, आली भाताची टीम. म्हणू देत. यादोरावला त्या वासाचा अभिमान होता. आणि दुसरा अभिमान पायाचा. जोडा त्याला वर्ज्य. "जोडा घातला का पाय आंधळा होते," हे तो येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ऐकवायचा, आणि एकदा कोणी हौसेनं कॅनव्हासचे जोडे घालून आला तर त्यानं ते काढायला लावून बोडीत भिरकावले होते. तेव्हा दुधराम तिथं होता. नवीनच आला होता. भिरकावलेले जोडे बुडेपर्यंत तो पाण्याकडे बघत राहिला होता, हे यादोरावला आत्ता, बांधावर बसल्या बसल्या आठवलं, आणि आठवलं तेव्हा त्यात काहीतरी अर्थ असावा असं वाटायला लागलं.

गुलाबचंद सेठला हॉकी कळत नसे, शिल्ड कळत असे. त्याचा बिडीचा कारखाना स्टेशनापलीकडे, आणि कारखान्याच्या गादीमागे भिंतीवर ओळीनं टांगलेली सहा वर्षांची शिल्डची चित्रं. खेळाडू तो पिकवत नसे, आणत असे. कामठीहून आणायचा, जबलपूरहून आणायचा, आणि जवळपास कोणी डोकं वर काढताना दिसला की तोही. त्याला कारखान्यात ठेवायचं, कागदावर काम बिडीचे कट्टे तपासायचं, खरं काम सकाळी दूध प्यायचं आणि संध्याकाळी जोडे घालून खेळायचं. तीन वर्षांपूर्वी जागेश्वर असाच गेला. त्याआधीही गेले. यादोरावनं पाच पाच वर्षं घासून पुसून लखलखीत करावं, आणि ऐन वेळी सेठच्या माणसानं, त्या छोटेलालनं, गोड बोलून उचलून न्यावं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. स्टेशनासमोरच्या चहाच्या दुकानात हा वाद दर साली रंगायचा. कोणी म्हणे, सेठनं शिल्ड जिंकली नाई, इकत घेतली. त्यावर एक मालगाडीचा गार्ड हटकून म्हणायचा, "पैसा क्या मैदान में दौड़ता है? दौड़ता तो आदमी ही है ना?" आणि मग यादोरावकडे वळून, मिशीतल्या मिशीत हसून, "आप उनको क्या खिलाते हो, यादोरावजी? उपदेश?" लोक हसायचे. यादोराव चहा तसाच टाकून उठायचा, कारण ते खोटं नव्हतं. दुधरामला त्यानं मिलमध्ये हमालीला लावून दिलं होतं, मिलच्याच पडवीत झोपायला जागा मिळवून दिली होती, आणि उरलं ते सगळं उपदेशच होता. दोन पोती पाठीवर घेऊन दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी जोडेवाल्या, दूध प्यालेल्या माणसाच्या अंगावर चेंडू घेऊन धावतो, ते कशाच्या जोरावर? आतापर्यंत यादोरावला वाटत होतं, आपल्या जोरावर.

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात. यादोरावला त्या फोडाची ओळख इतक्या पटकन पटली त्याचं कारण त्याच्या स्वतःच्या टाचेवर होतं. वीस वर्षांपूर्वी याच बोडीच्या काठावर त्याला टेकचंद हवालदारानं हॉकी शिकवली होती. हवालदार पलटणीतून आलेला, एकटा, दमेकरी. दम लागला की बोटानं दाखवायचा, कुठं धाव, कुठं थांब. यादोराव तेव्हा असा धावायचा की पाहणाऱ्यानं पाहत राहावं. परगावच्या एका साहेबी टीमचा माणूस आला, नोकरी म्हणाला, खोली म्हणाला, आणि मापाला म्हणून जोड्यांची एक जोडी ठेवून गेला. आठ दिवस यादोराव ती जोडी घालून विटांच्या भट्टीमागे चोरून धावला. टाचेला फोड आला. हवालदाराला दिसू नये म्हणून त्यानं काय केलं असेल? चिखल लावला. याच गाळाचा. आणि बहिणीच्या लग्नाला गावी जातो म्हणून सांगून गेला तो परत आलाच नाही. आला तो तीन वर्षांनी, गुडघा मोडल्यावर, साहेबी टीमनं हात झटकल्यावर, तेव्हा हवालदार मरून गेला होता. मेलेल्या माणसाची माफी कशी मागायची ते यादोरावला कळेना, म्हणून त्यानं त्याचं मैदान चालवायला घेतलं. लोकांना वाटे काय हा त्याग. त्याला मात्र ठाऊक होतं की आपण इथं पहाऱ्याला बसलोय. आपल्यासारखा दुसरा कोणी इथून निसटू नये म्हणून.

संध्याकाळी जेवताना शामकलानं, त्याच्या बायकोनं, ताटातला भात तसाच पाहिला आणि विचारलं. त्यानं सांगितलं. फोड, चिखल, सगळं. ती भाकरी थापत ऐकत होती. "तुमी कायले एवढे जळून राहिले?" ती म्हणाली. "जात असंन त जाईल." तो म्हणाला, "जाईल कसा? पाच साल झाले. चेंडू कोनत्या आंगाले असते हे ठाऊक नव्हतं त्याले. मी केला त्याले." शामकलानं तवा उतरवला. तिचं माहेर चिचगडकडचं, बोलणं सरळ, धानाच्या बांदीतून, म्हणजे भातखाचरातून आलेलं, जिथं रोपांना पऱ्हे म्हणतात. "पऱ्हे टाकते एका बांदीत, अन् रोवते दुसऱ्या बांदीत. जिथं पऱ्हे टाकले तिथंच गच्च ठेवले, त लोंब धरते का?" "अन् दुसऱ्याचे पऱ्हे कोनी चोरून नेले त?" "चोरून नेले का मागून नेले, का पऱ्हे आपल्या पायानं गेले, ते इचारलं का तुमी? इचारा ना त्याले. तोंड आहे ना त्याले?" एवढं सोपं होतं ते. यादोरावला ते पटलंही, आणि पटलं म्हणूनच राग आला. विचारायचं कशाला? विचारलं तर तो नाही म्हणणार. हवालदारानंही त्याला विचारलं होतं, का रे, पाय दुखतो का, आणि तो नाही म्हणाला होता, डोळ्याला डोळा भिडवून, अगदी सहज. तेव्हापासून डोळ्याला डोळा भिडवून बोलणाऱ्या माणसावर यादोरावचा विश्वास नव्हता.

शुक्रवारी सकाळी तो भोंगा होण्याआधीच मिलच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. हौदांतून वाफ निघत होती, थंडीत ती जमिनीलगतच लोळत होती, आणि त्या वाफेतून दुधराम आला तो पडवीतून नव्हे, स्टेशनाच्या बाजूनं. काखेत गमछ्यात गुंडाळलेलं गाठोडं होतं. किंचित लंगडत होता. स्टेशनाच्या बाजूला काय आहे? मालधक्का आहे, रेल्वेची चाळ आहे, पाण्याची टाकी आहे. पण यादोरावच्या डोक्यात त्या बाजूला एकच इमारत होती, बिडीचा कारखाना. "कोठी गेलता गा?" त्यानं विचारलं. "फिराले," दुधराम म्हणाला, आणि गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं. फिरायला! दिवसभर पोती वाहणारा माणूस सकाळी थंडीत फिरायला जातो. यादोरावनं पुढं काही विचारलं नाही. सगळा दिवस हौदावर उभं राहून तो मागच्या पाच वर्षांतल्या गोष्टी उलट्या करून बघत राहिला. मागच्या सालच्या सामन्यात दुधराम दोनदा चेंडूपासून मागे सरला होता. तेव्हा यादोरावला वाटलं होतं, दमला. दमला कशानं? जागेश्वर गेला त्या दिवशी सगळे त्याला शिव्या घालत होते, दुधराम एकटा गप्प होता. तेव्हा वाटलं होतं, दुःख झालं. कसलं दुःख, रस्ता बघून ठेवत असेल. अशी एकेक गोष्ट तो उचलायचा, आणि उचलावी ती खालून काळी निघायची. दुपारपर्यंत एकही पांढरी उरली नाही. हौदातलं धान त्या दिवशी गरजेपेक्षा जास्त उकडलं, भैय्यालाल येऊन ओरडून गेला, तेही त्याला धड ऐकू आलं नाही.

शनिवारी बाजारात छोटेलाल भेटला. भेटला म्हणजे काय, समोरून आला, आणि या माणसाचं कुठं समोरून येणं यादोराव योगायोग मानत नसे. मऊ चेहरा, डोक्याला तेल, हातात पानाचा विडा. त्यानं विडा पुढं केला, यादोरावनं घेतला नाही. "कल तो बड़ा मुकाबला है, यादोरावजी," छोटेलाल म्हणाला. "आपका वो दुधराम. बहुत अच्छा लड़का है. सँभालके रखिए." बस, एवढंच. आणि हसून गेला. यादोराव भाजीच्या टोपल्यांमध्ये उभा राहिला. सँभालके रखिए. सांभाळून ठेवा. दुसऱ्याची वस्तू तात्पुरती आपल्याकडे असली की असं म्हणतात. की उगाच म्हणाला? की मी संशयानं पेटावं आणि दुधरामला बसवावं म्हणून म्हणाला? सेठला तेही स्वस्तात पडेल. म्हणजे दुधराम विकला गेला असेल तर खेळवून मी हरणार, आणि विकला गेला नसेल तर न खेळवून मी हरणार, आणि दोन्हीकडून सेठच जिंकणार. वा रे वा. भाजीवालीनं दोनदा विचारलं काय पाहिजे, त्याला काही सांगता आलं नाही. घरी परतताना त्याच्या मनात आलं, की हे असंच चाललं तर उद्या आपण चेंडूवरही संशय घेऊ. तो स्वतःशी हसलाही. पण हसून संशय गेला नाही.

रविवारी दुपारी, सामन्याआधी, अकराच्या अकरा जण बोडीच्या काठावर बसले असताना त्यानं ते केलं. मिलमधून येताना त्यानं खिशात मूठभर नवं धान आणलं होतं. कशाला आणलं होतं, ते आणताना त्यानं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. झाडीतल्या गावांत खळ्यावरून पेंढ्या चोरीला गेल्या की ज्याच्यावर वहीम असेल त्याच्या ओंजळीत नवं धान देतात आणि म्हणतात, बोल. धान हातात घेऊन माणूस खोटं बोलत नाही. यादोराव लहान असताना त्याच्या बापानं एका गड्याच्या ओंजळीत असं धान दिलेलं त्यानं पाहिलं होतं. गडी खरं बोलला होता, पेंढ्या दुसऱ्यानं नेल्या होत्या. "दुधराम, उठ," यादोराव म्हणाला. "पाय दाखव." दुधरामनं आधी त्याच्याकडे, मग बाकीच्या दहा जणांकडे पाहिलं, आणि टाच वळवून दाखवली. फोड फुटला होता, खालचं कातडं लाल दिसत होतं. "कोनाचा जोडा?" "माहा नाई. चाळीतल्या एका फायरमनचा. जुना. मागून घेतला." "काऊन?" मग दुधराम बोलला, आणि तो एरवी फार बोलणाऱ्यांतला नव्हता. "मागच्या साली त्याईच्या बुटानं माहा अंगठा चेचला, वस्ताद. तवापासून बूट आंगावर आला का माहा पाय आपोआप मागं येते. तुमाले दिसत नाई, पन येते. म्हनून मालधक्क्यामागं पाहून राहिलो होतो, जोडा घालून धावता येते का नाई. नाई जमलं. तुमाले सांगतलं असतं त तुमी बोडीत फेकला असता, अन् जोडा त दुसऱ्याचा." एकदोघं हसले. इथंच थांबायचं होतं. यादोरावला नंतर कळलं, तेव्हाही अर्धवट कळतच होतं, की इथं आपण पोराच्या पाठीवर हात ठेवायला पाहिजे होता. पण इतकं सगळं इतकं नीट जुळतं म्हणजे ते जुळवून आणलेलं असणार, असं त्याच्या मनानं घेतलं, आणि हात खिशात गेला. त्यानं दुधरामच्या ओंजळीत धान ओतलं. "आता बोल. सेठकडं जानार हायेस का नाई?" दुधरामनं ओंजळ घट्ट जुळवली, एकही दाणा सांडू दिला नाही. "मी सेठकडं जानार नाई. मले कोनी बलावलं नाई, मी कोनाचं काही खाल्लं नाई," तो म्हणाला, एकेक शब्द सुटा. मग ते धान त्यानं खाली टाकलं नाही, धोतराच्या सोग्यात बांधून घेतलं आणि काठी उचलली.

आणि काय खेळला तो त्या दिवशी! असं खेळणं रेलटोलीच्या मैदानानं पाहिलं नव्हतं. जोडेवाल्यांच्या दोन पायांमधून तो चेंडू असा काढायचा की त्यांना वळून बघेपर्यंत तो चार हात पुढं. पाय मागे येईनासा झाला होता. बूट आला तर बुटावर जाऊन आदळत होता. अर्ध्या वेळेआधीच त्यानं गोल केला. बांधावरची माणसं टोप्या उडवत उठली. यादोराव बसूनच राहिला. पहिला गोल दाखवायला असतो, त्याच्या मनात आलं. मी नव्हतो का शेवटच्या आठ दिवसांत हवालदारासमोर जीव तोडून धावलो? जाणाराच जास्त धावतो. अर्ध्या वेळेला सगळे धापा टाकत झाडाखाली आले. शामकलानं गार पाण्याचं मडकं पाठवलं होतं, वर ओलं फडकं बांधून. दहा जण त्यातलं पाणी प्याले. दुधराम मडक्याजवळून सरळ पुढं गेला, मैदान ओलांडून गुलाबचंदच्या टीमकडं, आणि त्यांच्या बालटीतलं पाणी ओंजळीनं प्याला. छोटेलालनं त्याला स्वतः लोट्यानं पाणी ओतलं. यादोरावनं ते पाहिलं आणि त्याला अंगभर बरं वाटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, तीन दिवस शोधत असलेली वस्तू सापडल्यासारखं. बघा, म्हणाला तो मनाशी, पाणीसुद्धा तिकडचं गोड लागायला लागलं. दुसऱ्या अर्ध्यात सेठच्या टीमनं गोल फेडला, तेव्हा तर त्यानं मानच हलवली. मग शेवटी शेवटी, सूर्य बोडीच्या पाण्यावर उतरला असताना, दुधरामनं दुसरा गोल केला. अंपायरची शिटी वाजली, लोकांनी मैदान भरून टाकलं. सहा वर्षांनी शिल्ड सेठच्या हातून सुटली होती, उकडल्या धानाच्या वासाच्या काठ्यांनी जिंकली होती. गुलाबचंद सेठ स्वतः येऊन यादोरावचा हात हातात घेऊन म्हणाला, "इस साल आपने कमाल कर दी." आणि यादोराव त्या हाताकडे बघत विचार करत होता, हा हरला कसा? सेठ असा हरतो का? याच्यात काहीतरी असणार.

शिल्ड खांद्यावर घेऊन पोरांनी ती वाजतगाजत त्याच्या घरी आणली. त्यात दुधराम नव्हता. कोणी म्हणालं, थकला, झोपला असेल. गर्दी पांगल्यावर शामकला मडकं धुवायला घेऊन बसली. मडक्यात पाणी उरलेलं पाहून म्हणाली, "दुधरामची तहान मोठी, तो असला का उरत नाई. आज प्याला नाई का?" "त्यानं त्या सेठच्या बालटीतलं पेलं," यादोराव म्हणाला, आणि मोठ्या उत्साहानं त्यानं तिला सगळं सांगितलं, ओंजळीतल्या धानासकट. शामकलाचा हात मडक्यातच राहिला. "धान देल्लं तुमी त्याच्या हातात? सगळ्याईसमोर?" "मंग? खरं काढाचं होतं." "अन् खरा निघाला त?" ती म्हणाली. "ज्याच्या हातात धान देल्लं अन् तो खरा निघाला, तो मंग त्या घरचं पानी पीत नाई. लहान लेकराले ठाऊक असते हे. तुमाले ठाऊक नाई?" यादोरावला ठाऊक होतं. बापाच्या त्या गड्यानं ओंजळीतलं धान सोग्यात बांधलं होतं, आणि आईनं पुढं केलेला गूळ-पाण्याचा तांब्या तसाच ठेवून तो अंगणातून गेला होता, आणि पुढं कधी त्यांच्या खळ्यावर आला नव्हता. पेंढ्या दुसऱ्यानं नेल्याचं आठवलं, गडी खरं बोलल्याचं आठवलं, मग नेमकं हे कसं विसरला तो? दुधराम पाण्याजवळून सरळ पुढं गेला तेव्हा तो अख्ख्या मैदानासमोर काय सांगत होता, ते झाडीतल्या कुठल्याही माणसाला वाचता आलं असतं. एकट्या त्याच्या वस्तादाला नाही आलं. शिल्ड भिंतीला टेकून ठेवली होती, शामकलानं ती उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

सोमवारी दुधराम मिलवर आला नाही. पडवीत त्याचं कांबळं नव्हतं. मंगळवारी दुपारी यादोराव स्टेशन ओलांडून बिडीच्या कारखान्यात गेला, जन्मात पहिल्यांदा. फाटकातच छोटेलाल भेटला आणि यादोरावनं तोंड उघडायच्या आतच हात जोडून म्हणाला, "देखिए, झगड़ा मत कीजिए. कसम से कहता हूँ, इस साल हमने किसी को नहीं भेजा था. सेठजी ने मना कर दिया था, बहुत हो गया बोले. लड़का खुद आया है, कल सुबह." छोटेलालचं खरं मानण्याची यादोरावला सवय नव्हती. या खेपेला त्यानं ते खरं मानलं. आत, तंबाखूच्या वासात, ओळीनं बसलेल्या बायकांच्या मागे एका बाकावर दुधराम बसला होता, हाताला काम नसलेल्या माणसासारखा. वस्ताद दिसताच उठून उभा राहिला. ती त्याची रीत होती, ती सुटली नव्हती. यादोरावनं वाटेत बरंच जुळवून आणलं होतं, हवालदाराचं, चिखलाचं, सगळं सांगायचं ठरवलं होतं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "काय देऊन राहिले तुले?" दुधराम म्हणाला, "मी इचारलं नाई." "धानावर हात ठेवून बोलला ना तू, जानार नाई म्हनून?" हे निघून गेल्यावर यादोरावला स्वतःची जीभ छाटावीशी वाटली. दुधराम जराही चिडला नाही. "तवा खरं होतं," तो म्हणाला. "तुमी धान हातात देल्लं, अन् मी बोललो, अन् मंग मी गेलो, वस्ताद. खेळाचं तेवढं राहिलं होतं, ते खेळलो." मग म्हणाला, "काकूले सांगजा, माहा राग नाई. पानी मले पाहिजे होतं. पन कसं पेऊ?" यादोरावला वाटलं, याच्या खांद्यावर हात ठेवावा, म्हणावं, चल, नको राहू इथं, मी चुकलो. मी चुकलो एवढेच दोन शब्द. ते त्याला हवालदारालाही म्हणता आले नव्हते. मग कोणीतरी दुधरामला हाक मारली, आणि दुधराम "येतो" म्हणून गेला, ते त्याला उद्देशून होतं की हाक मारणाऱ्याला, तेही नीट कळलं नाही.

परत येताना स्टेशनासमोरच्या चहावाल्यानं त्याला हाक मारून बसवलंच. शिल्ड जिंकलेला माणूस, आज त्याच्याकडून चहाचे पैसे घ्यायचे नाहीत, असं तो चहावाला म्हणाला. दुकान भरलेलं होतं. बातमी अर्थातच त्याच्या आधी येऊन पोचली होती. "काय गा यादोभाऊ," कोपऱ्यातून एकानं विचारलं, "दुधरामलेही घेतलं म्हनते सेठनं? इकत?" सगळे त्याच्या तोंडाकडे बघायला लागले, गार्डसुद्धा, आणि या खेपेला गार्ड हसत नव्हता. खरं सांगायला फार बोलावं लागलं असतं असंही नाही. यादोरावनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "हो," तो म्हणाला, "घेतलं." दुकानात एकदम सगळे बोलायला लागले. पैशाच्या जोरावर काय काय होतं, गरिबानं घडवायचं आणि सेठानं न्यायचं, कुठं आहे न्याय, असं प्रत्येकजण तावातावानं सांगू लागला, आणि कोणीतरी यादोरावच्या गुडघ्यावर हात ठेवून हळहळला. चहा गोड होता. ‘हो, घेतलं’ हे वाक्य तोंडातून इतकं सरळ, इतकं सवयीनं आलं होतं, की ते आज पहिल्यांदा येत नव्हतं हे त्याला उघड दिसलं. दर साली, प्रत्येक गेलेल्याविषयी, तो याच बाकावर बसून हेच सांगत आला होता. त्यातलं खरं किती होतं, हे आता कोणाला विचारायचं ते त्याला कळेना.